मेटलंडचा ‘इंग्लंडचा घटनात्मक इतिहास’: कुठून उघडावा, कुठे जपून वाचावा

इंग्लंडच्या घटनेच्या इतिहासावर एकच पुस्तक घ्यायचं असेल तर कोणतं घ्यावं? एफ. डब्ल्यू. मेटलंडचं ‘द कॉन्स्टिट्यूशनल हिस्टरी ऑफ इंग्लंड’, हे उत्तर अजूनही बदलावंसं वाटत नाही. फक्त सोबत एक सूचना द्यावी लागते: पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. हे पुस्तक अर्धवट सोडणाऱ्यांपैकी बहुतेक जण पहिल्या दीडशे पानांत, पहिल्या एडवर्डच्या (तेराव्या शतकातल्या राजाच्या) काळातल्या कायद्यांच्या आणि जमिनीच्या प्रकारांच्या जंगलात अडकलेले असतात. सुमारे साडेपाचशे पानांच्या या ग्रंथात पुढे काय आहे, हे त्यांना कधी कळतच नाही.

आधी वस्तू काय आहे ते स्पष्ट करू. हा ग्रंथ म्हणून लिहिलेला मजकूर नाही. मेटलंडने १८८७च्या शरदात आणि १८८८च्या सुरुवातीला केंब्रिजमध्ये कायद्याच्या विद्यार्थ्यांना दिलेली ही व्याख्यानं आहेत. १९०६ मध्ये तो वारला आणि १९०८ मध्ये त्याचा मेहुणा, इतिहासकार एच. ए. एल. फिशर याने ती संपादित करून छापली. लेखकाने स्वतः ती छपाईसाठी कधी तयार केली नव्हती. फिशरने प्रस्तावनेत प्रामाणिकपणे सांगितलं आहे की यात मूळ संशोधनाचा दावा नाही. बरीचशी माहिती हॅलम, स्टब्स, डायसी आणि अ‍ॅन्सन यांच्या प्रचलित ग्रंथांवरून घेतलेली आहे. पुस्तकातले बहुतेक गुण आणि जवळजवळ सगळे दोष इथूनच येतात. वाक्यं बोलती आहेत, विनोद आहे, विद्यार्थ्याला कुठे गोंधळ होईल याचा अंदाज आहे. पण तळटिपा विरळ आहेत आणि काही मतं अशी आहेत की जी पुढच्या दहा वर्षांत खुद्द मेटलंडनेच मोडीत काढली.

मांडणी अनोखी आहे. राजामागून राजा अशी गोष्ट सांगण्याऐवजी तो पाच ठिकाणी थांबतो: पहिल्या एडवर्डचा मृत्यू (१३०७), सातव्या हेन्रीचा (१५०९), पहिल्या जेम्सचा (१६२५), तिसऱ्या विल्यमचा (१७०२), आणि पाचवा थांबा म्हणजे व्याख्यानांचं चालू वर्ष. प्रत्येक थांब्यावर तो त्या दिवशीचा सार्वजनिक कायदा उलगडून दाखवतो: पार्लमेंट कसं बनलेलं, पैसा कुठून येतो, सैन्य कोणाच्या हुकमात, न्याय कुठल्या कोर्टात, गावपातळीवर कारभार कोणाकडे. वकिलाला हे फार सोयीचं, कारण कुठल्याही काळातला कायदा एकत्र बांधलेला असतो. त्यातला एकच धागा उपसून पाहिला तर तो खोटा दिसतो.

तोटाही याच मांडणीतला. एका संस्थेचा सलग इतिहास हवा असेल तर पाच ठिकाणी उड्या माराव्या लागतात, आणि मधली दीडदोनशे वर्षं बऱ्याचदा एका परिच्छेदात उरकलेली असतात. वॉर्स ऑफ द रोझेस (पंधराव्या शतकातली गादीसाठीची यादवी) किंवा हेन्री आठवा इथे घटनाक्रम म्हणून शोधू नका, सापडणार नाहीत. राजांची क्रमवार यादी आणि मुख्य लढायांच्या तारखा आधीच माहीत असल्याचं लेखक गृहीत धरतो. त्या नसतील तर शालेय पातळीचं कुठलंही इंग्लंडचा इतिहास सांगणारं पुस्तक शेजारी लागेल.

आता वाचनाचा क्रम. सुरुवात चौथ्या भागापासून, म्हणजे चौथ्या थांब्यापासून, करावी. तो पन्नासेक पानांचाच आहे आणि १६८८ची क्रांती सगळ्यांनी कुठेतरी ऐकलेली असते. मेटलंड इथे जे करतो ते अजून कोणी इतक्या कमी शब्दांत केलेलं नाही. दुसरा जेम्स पळाला, जाताना राजमुद्रा थेम्समध्ये टाकून गेला. २२ जानेवारी १६८९ रोजी जी सभा भरली ती राजाच्या आज्ञापत्राने बोलावलेली नव्हती, कारण बोलावायला राजाच नव्हता. याच सभेने सिंहासन रिकामं असल्याचं ठरवलं, जेम्सची मुलगी मेरी आणि जावई विल्यम यांना ते देऊ केलं, आणि मग आपण पार्लमेंटच आहोत असा कायदा स्वतःच केला. त्या कायद्याला आधार काय? राजाची संमती. राजाला आधार काय? ती सभा. मेटलंड हे वर्तुळ पायरीपायरीने दाखवतो आणि निष्कर्ष काढतो की ही क्रांती आवश्यक होती, शहाणपणाने पार पाडलेली होती, पण होती क्रांतीच. तिला घटनात्मक कायद्याच्या चौकटीत बसवता येत नाही. या दोनतीन पानांत त्याची पद्धत पूर्ण कळते. प्रश्न नेहमी एकच: हे कायद्याने कशाच्या जोरावर झालं, आणि कोर्टात कोणी आव्हान दिलं असतं तर उत्तर काय मिळालं असतं?

त्याच भागातलं सैन्यावरचं प्रकरण सोडू नये. बिल ऑफ राइट्सने (राजाच्या अधिकारांना मर्यादा घालणाऱ्या १६८९च्या कायद्याने) शांततेच्या काळात पार्लमेंटच्या संमतीशिवाय खडं सैन्य बेकायदा ठरवलं, आणि सैन्याच्या शिस्तीसाठीच्या १६८९च्या पहिल्या म्यूटिनी अ‍ॅक्टची मुदत काही महिन्यांचीच होती. शिस्तीचा कायदाच मुदतीचा असला की तो पुन्हा पुन्हा मंजूर करून घेण्यासाठी पार्लमेंट बोलवावं लागतं.

यानंतर थेट पाचव्या भागात, ‘क्राउन’ (शब्दशः मुकुट, अर्थाने राजसत्ता) आणि सरकार यांच्यावरच्या प्रकरणात जावं. पुस्तकातला सर्वांत उपयोगी मजकूर हा, असं माझं ठाम मत आहे. मेटलंड विद्यार्थ्यांना बजावतो की ‘क्राउनने अमुक केलं’ असं लिहू नका. मुकुट टॉवर ऑफ लंडनमध्ये पडून असतो आणि लोक तो बघायला जातात, याखेरीज तो काही करत नाही. चेष्टेच्या मागे कामाचा मुद्दा आहे. एखादा अधिकार राणीचा जुना राजाधिकार आहे, की कायद्याने प्रिव्ही कौन्सिलसह (सल्लागार मंडळासह) राणीला दिलेला, की थेट एखाद्या सेक्रेटरी ऑफ स्टेटला, ट्रेझरीला किंवा बोर्ड ऑफ ट्रेडला दिलेला, हे प्रत्येक वेळी वेगळं तपासावं लागतं. १८३२ नंतरच्या कायद्यांनी अधिकारांचा मोठा साठा सरळ मंत्र्यांच्या आणि मंडळांच्या हाती दिला. त्यामुळे राजाधिकारांची जुनी यादी पाठ करून आधुनिक सरकार कळत नाही. मंत्रिमंडळ कायद्याला माहीतच नाही, पण देश तेच चालवतं, ही विसंगती तो लपवत नाही. कायदेपंडित डायसीच्या ‘संकेत’ (कोर्ट अंमलात आणत नाही अशी प्रथा) आणि ‘कायदा’ या भेदाशी तिचा मेळ कुठे बसतो आणि कुठे बसत नाही तेही दाखवतो. डायसीचं पुस्तक १८८५चं, म्हणजे तेव्हा अगदी ताजं होतं, हे लक्षात ठेवलं की ही चर्चा जास्त धारदार वाटते.

एवढं झाल्यावरच पहिल्या भागाकडे यावं. त्यातही जमीन कायद्याचं प्रकरण टाळायचा मोह होतो, आणि तीच सर्वांत महागात पडणारी चूक. मेटलंडच्या मते मध्ययुगीन इंग्लंडचा घटनात्मक कायदा कधीकधी जमिनीच्या कायद्याची पुरवणीच वाटतो. हे त्याला सुचायला कारण होतं: १८७६ मध्ये लंडनच्या लिंकन्स इन या वकिलांच्या संस्थेतून बॅरिस्टर झाल्यावर तो जमिनीच्या हस्तांतरणाचे दस्तऐवज तयार करण्याच्या कामात होता. प्रत्येक दस्तात मध्ययुगाचा कुठला अवशेष शिल्लक आहे हे त्याला व्यवसायातूनच माहीत होतं.

एक उदाहरण नीट धरून ठेवलं तर हे प्रकरण सुटतं. लष्करी सेवेच्या अटीवर जमीन धारण करणारा मेला आणि वारस अज्ञान (अल्पवयीन) असला, तर मुलगा २१ वर्षांचा होईपर्यंत जमिनीचं उत्पन्न वरच्या धन्याकडे जाई, आणि त्याचा हिशेब द्यावा लागत नसे. वारसाचं लग्न ठरवण्याचा हक्कही धन्याचा, आणि तो विकताही येई. उलट सॉकेज धारणेत, म्हणजे लष्करी सेवेच्या अटीशिवाय धरलेल्या जमिनीत, पालकत्व जवळच्या नातेवाइकाकडे, पण ज्याला ती जमीन वारशाने मिळू शकत नाही अशाच नातेवाइकाकडे. आणि त्याला हिशेब द्यावा लागे. आता राजा हा सगळ्यांच्या वरचा धनी. म्हणजे अज्ञान वारस हे राजाचं उत्पन्न. ते गोळा करायला आठव्या हेन्रीने १५४० मध्ये स्वतंत्र कोर्ट ऑफ वॉर्ड्स उभारलं. १६६० मध्ये पार्लमेंटने लष्करी धारणाच रद्द केल्या आणि बदल्यात राजाला बिअरसारख्या पेयांवरच्या अबकारीचं उत्पन्न लावून दिलं. जमीनदारांचा बोजा पिणाऱ्यांवर गेला, आणि राजाचा खजिना पार्लमेंटने बसवलेल्या कराला बांधला गेला. जमिनीचं प्रकरण गाळून पुढे आलेल्याला हा सौदा समजत नाही, आणि सतराव्या शतकातला पैशावरचा तंटा नुसता राजाच्या हट्टाची गोष्ट वाटू लागतो.

त्याच भागातलं न्यायदानाचं प्रकरण मात्र कोणालाही आवडेल. दुसऱ्या हेन्रीच्या काळातल्या नॉव्हेल डिसीझिनच्या दाव्यात शेजारपाजारच्या १२ जणांना एकच प्रश्न विचारला जाई: अमक्याने तमक्याला त्याच्या जमिनीवरून अन्यायाने आणि निवाड्याशिवाय, ठरलेल्या मुदतीच्या आत, हुसकावलं का? मालकी कोणाची, हा प्रश्नच नाही. म्हणून दावा झटपट सुटे, आणि म्हणून लोक धन्याचं कोर्ट सोडून राजाच्या कोर्टाकडे वळले. गुन्ह्यांच्या बाबतीत वळण वेगळं आलं. १२१५च्या लॅटरन परिषदेने पाद्र्यांना दिव्यात, म्हणजे दोष ठरवण्यासाठी देवाचा कौल घेणाऱ्या कसोटीत, भाग घ्यायला मनाई केली. तापलेलं लोखंड आणि पाणी ही साधनंच गेली. रिकाम्या जागी ज्युरी आली, पण आरोपीने ‘ज्युरीचा निवाडा मान्य’ असं म्हणणं आवश्यक मानलं गेलं. तो गप्प राहिला तर छातीवर वजनं ठेवून त्याला दाबत. काही जण तसेच मरत, कारण दोषी न ठरता मेल्यास मालमत्ता जप्त होत नसे आणि मुलाबाळांना राहत असे. हा प्रकार १७७२ पर्यंत कायद्यात होता.

सरंजामशाहीवरच्या समारोपात त्याचा गाजलेला विनोद आहे. परीक्षकाने विचारलं की इंग्लंडमध्ये सरंजामी व्यवस्था कोणी आणली, तर नीट समजावून देता येत असेल तर ‘हेन्री स्पेलमनने’ हे चांगलं उत्तर ठरेल. स्पेलमन सतराव्या शतकातला अभ्यासक! मुद्दा असा की ‘सरंजामी व्यवस्था’ ही अभ्यासकांनी मागाहून उभी केलेली चौकट आहे. ही पानं उत्तरपत्रिकेत उतरवण्याआधी पूर्ण वाचावीत, नाहीतर सरंजामशाही नव्हतीच असा उलटा अर्थ काढला जातो. मेटलंड तसं म्हणत नाही.

दुसरा आणि तिसरा भाग शेवटी. तिथे ट्यूडर राजांचं कौन्सिल, त्यातून आलेलं स्टार चेंबर हे कोर्ट, राजाच्या आयातकराबद्दलची बेट्स केस (१६०६) असा ऐवज आहे, पण हात थोडा आखडता वाटतो.

कुठे जपून वाचायचं तेही सांगायला हवं. सर्वांत मोठी अडचण पार्लमेंटच्या जन्माबाबत आहे. व्याख्यानांत १२९५च्या पार्लमेंटला प्रतिनिधिसभेचा नमुना म्हणून जे स्थान आहे ते बहुतांशी स्टब्सचं आहे. पुढे १८९३ मध्ये मेटलंडने १३०५च्या पार्लमेंटची मूळ कागदपत्रं संपादित केली, आणि त्याच्या प्रस्तावनेत चित्र पालटलं: परगण्यांचे आणि नगरांचे प्रतिनिधी घरी पाठवल्यावरही राजाचं कौन्सिल अर्ज निकालात काढत बसलेलं होतं, आणि तेही ‘पार्लमेंट’च होतं. म्हणजे त्या काळचं पार्लमेंट प्रतिनिधिसभेपेक्षा राजाचं सर्वोच्च न्यायस्थान म्हणून जास्त कळतं. घटनेच्या इतिहासकारांची पुढची पिढी याच प्रस्तावनेवर उभी राहिली. म्हणून पहिल्या भागातलं पार्लमेंटचं प्रकरण वाचल्यावर ती प्रस्तावना वाचणं हा ऐच्छिक विषय नाही. नॉर्मन सरदारांवर सैनिकांचे ठरावीक आकडे खुद्द पहिल्या विल्यमनेच (१०६६च्या विजेत्याने) लादले, हा जे. एच. राउंडचा सिद्धान्त १८९१-९२चा. १८८८ मध्ये संपलेल्या व्याख्यानांत तो येणं शक्य नव्हतं.

पाचव्या भागातली ‘आज’ची माहिती तर सरळ जुनी आहे. परगण्याचा कारभार जस्टिस ऑफ द पीस (नेमलेले स्थानिक दंडाधिकारी) मंडळी चालवतात असं तिथलं चित्र आहे. व्याख्यानं संपली त्याच वर्षी, १८८८च्या लोकल गव्हर्नमेंट अ‍ॅक्टने निवडून आलेल्या काउंटी कौन्सिल आणल्या. लॉर्ड्सचा (पार्लमेंटच्या वरच्या सभागृहाचा) नकाराधिकार १९११ आणि १९४९च्या पार्लमेंट अ‍ॅक्टनी छाटला. सरकारवर दावा लावण्याची जुनी अर्जाची रीत १९४७च्या क्राउन प्रोसीडिंग्ज अ‍ॅक्टने बाजूला पडली. २००५च्या कायद्याने सर्वोच्च न्यायालय लॉर्ड्समधून वेगळं काढलं आणि ते २००९ मध्ये सुरू झालं. या तारखा पाचव्या भागाच्या समासात लिहून ठेवल्या तर गफलत टळते.

आणखी एक नेहमीची ठेच म्हणजे राजवर्षं, म्हणजे राजाच्या कारकिर्दीच्या वर्षाने दिलेल्या तारखा. कायदे ‘१८ एडवर्ड पहिला’ असे दिलेले असतात. एडवर्डचं वर्ष २० नोव्हेंबर १२७२ पासून मोजतात, म्हणून अठरावं वर्ष नोव्हेंबर १२८९ ते नोव्हेंबर १२९०. म्हणून जमिनीच्या विक्रीवरचा ‘क्विआ एम्प्टोरेस’ हा कायदा १२९०चा. दुसऱ्या चार्ल्सच्या बाबतीत हमखास चूक होते. तो गादीवर परतला १६६० मध्ये, पण कायदा त्याचं राज्य बापाच्या शिरच्छेदापासून, ३० जानेवारी १६४९ पासून मोजतो. म्हणून लष्करी धारणा रद्द करणारा १६६०चा कायदा ‘१२ चार्ल्स दुसरा, प्रकरण २४’ असा सापडतो. बिल ऑफ राइट्सला कुठे १६८८ तर कुठे १६८९ दिसलं तर छपाईची चूक समजू नये: तेव्हा इंग्लंडचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई, आणि १७९३ पर्यंत कायद्यांची तारीख अधिवेशनाच्या पहिल्या दिवसाची धरत.

आवृत्ती घेताना १९०८च्या छापाच्या प्रतिमा किंवा तिचं हुबेहूब पुनर्मुद्रण घ्यावं. हक्क संपल्यामुळे इंटरनेट आर्काइव्हवर पुस्तक मोफत मिळतं. मागणीनुसार छापून देणाऱ्यांच्या प्रतींत दोन गोष्टी तपासा: सुरुवातीचं तपशीलवार विषयविश्लेषण शाबूत आहे का, आणि तळटिपा मजकुरात मिसळल्या आहेत का. यंत्राने ओळखलेल्या मजकुरात राजवर्षांचे आकडे आणि लॅटिन शब्द सर्वांत आधी बिघडतात. विषयविश्लेषण गेलं तर पुस्तक निम्मं निकामी होतं, कारण पाच थांब्यांवर विखुरलेला विषय शोधायचं खरं साधन तेच आहे.

लेखकाबद्दल थोडं. मेटलंड १८५० मध्ये लंडनला जन्मला. ईटन, मग ट्रिनिटी कॉलेज. १८८४ मध्ये केंब्रिजला कायद्याचा रीडर, १८८८ मध्ये डाउनिंग प्राध्यापक. १८८७ मध्ये तेराव्या शतकातला कायदेपंडित ब्रॅक्टन याच्या टिपणवहीचे तीन खंड त्याने संपादित केले. ती वही ओळखली होती रशियन अभ्यासक विनोग्रादोफने. त्याच वर्षी जुने कायदेशीर दस्तऐवज छापण्यासाठी सेल्डन सोसायटी स्थापन झाली, तीही त्याच्याच पुढाकाराने. तब्येत खालावल्यावर हिवाळे कॅनरी बेटांवर, आणि तिथेही हस्तलिखितांचं काम. कोर्टातल्या जुन्या फ्रेंचचं व्याकरण त्याने इयर बुक्सच्या (मध्ययुगीन खटल्यांच्या टिपणांच्या) प्रस्तावनेत स्वतः बांधून दिलं. १९०२ मध्ये आधुनिक इतिहासाचं रीजियस (राजाच्या नेमणुकीचं) प्राध्यापकपद त्याने प्रकृतीमुळे नाकारलं. चरित्रांत फिशरची १९१०ची छोटी पुस्तिका जिव्हाळ्याची पण घरच्या माणसाची. फिफूटचं १९७१चं चरित्र सविस्तर. एल्टनचं १९८५चं पुस्तक आटोपशीर आणि इतिहासकाराच्या नजरेचं. एकच घ्यायचं तर फिफूट.

स्टब्सचे तीन खंड (१८७४-७८) याच नावाचे आहेत, तेव्हा मागवताना लेखकाचं नाव बघून मागवा. ते १४८५ला थांबतात, लॅटिन उतारे बहुधा भाषांतराविना देतात, आणि संदर्भग्रंथ म्हणून अजून लागतात. सलग वाचायला मात्र जड. मेटलंडची खरी ताकद हवी असेल तर पुढचा टप्पा पोलॉकसह नाव असलेला, पहिल्या एडवर्डपूर्वीच्या इंग्लिश कायद्याचा दोन खंडांचा इतिहास. त्यात अँग्लो-सॅक्सन कायद्याचं प्रकरण पोलॉकचं, बाकी जवळजवळ सगळं मेटलंडचं. १८९८ची दुसरी आवृत्तीच घ्यावी, आणि शक्य असेल तर कायद्याचा इतिहासकार मिल्सोम याची प्रस्तावना असलेलं १९६८चं पुनर्मुद्रण. धन्याच्या कोर्टाला मेटलंडने कमी लेखलं, ही आजची मुख्य तक्रार तिथे नेमकी मांडलेली आहे. ‘डूम्जडे बुक अँड बियाँड’ (१८९७) मात्र या व्याख्यानांनंतर लगेच उघडू नये. तिथे १०८६च्या जमीन-पाहणीतली हाइड (जमिनीचं जुनं माप), नांगर आणि गावं यांची मोजदाद आहे, आणि पहिल्या भागातलं जमिनीचं प्रकरण दोनदा वाचून झाल्याशिवाय त्यातलं एक पानही पुढे सरकत नाही.